लेव्होडोपा, डोपामिन आणि पेशीतला गंज : गोळी खरंच उशिरा सुरू करावी का?

रसायनवेडी

पार्किन्सन्सचं (मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी घटत जाण्याच्या आजाराचं) निदान झालं की कुणीतरी हमखास सांगतं, "लेव्होडोपा जितकी लांबवता येईल तितकी लांबवा. पाच वर्षांत तिचा असर संपतो आणि वर ती मेंदू जाळते." यातलं 'जाळते' कुठून आलं आणि त्यात तथ्य किती, यासाठी हा धागा. औषधं, आहार, तपासण्या यांतले जाणकार इथे आहेत, त्यांनी भर घालावी. मी रसायनापासून सुरुवात करते.

केळं सोलून ठेवलं की काळं पडतं. केळ्यात डोपामिन भरपूर असतं आणि ते काळं पडणं बऱ्याच अंशी डोपामिनचंच ऑक्सिडीकरण, म्हणजे एक प्रकारचं गंजणं, असतं. फोडींवर लिंबू पिळलं की रंग टिकतो, कारण आम्लात डोपामिन शांत बसतं आणि क जीवनसत्त्व झालेलं ऑक्सिडीकरण उलटवतं. (केळी खाऊन मेंदूतलं डोपामिन वाढत नाही हे आधीच सांगते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर डोपामिनला ओलांडता येत नाही. लेव्होडोपाला येतो आणि आत तिचं डोपामिन होतं, म्हणून तर ती द्यायची.)

चेतापेशीही लिंबाचीच युक्ती वापरते. तयार झालेलं डोपामिन व्हीमॅट-२ नावाचा पंप लगेच छोट्या पिशव्यांमध्ये, म्हणजे पुटिकांमध्ये, ओढून घेतो. आतला सामू (पीएच) साधारण ५.५, म्हणजे आंबट. तिथे डोपामिन सुरक्षित. ते बाहेर पेशीरसात, सामू सातच्या वर असलेल्या ठिकाणी रेंगाळलं की दोन वाटांनी त्रास सुरू होतो.

पहिली वाट एमएओ या विकराची (एन्झाइमची). ते डोपामिन मोडतं तेव्हा प्रत्येक रेणूमागे एक हायड्रोजन पेरॉक्साइड, एक अमोनिया आणि डोपाल नावाचं अल्डिहाइड तयार होतं. पेरॉक्साइड निपटायला ग्लुटाथायोन असतं, पण पार्किन्सन्समध्ये सबस्टॅन्शिया नायग्रात, म्हणजे मेंदूच्या ज्या भागातल्या डोपामिनच्या पेशी मरतात तिथे, ते सुमारे ४० टक्के घटलेलं आढळतं. तिथेच लोहही जास्त साठलेलं. पेरॉक्साइड आणि लोह भेटले की हायड्रॉक्सिल मूलक, आणि ते समोर येईल त्याला चावतं: पटलातली मेदाम्लं, प्रथिनं, डीएनए. डोपालचा उपद्रव निराळा. ते अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाला चिकटून त्याच्या गुठळ्या व्हायला मदत करतं.

दुसरी वाट केळ्यासारखी, पण विकराशिवाय: आपोआप ऑक्सिडीकरण होऊन डोपामिन क्विनोन, मग अमिनोक्रोम आणि शेवटी न्यूरोमेलॅनिन हे काळं रंगद्रव्य. नायग्राला तिचं नाव याच रंगावरून मिळालं.

एवढं वाचल्यावर भीती तर्कशुद्धच वाटते: लेव्होडोपा दिली, डोपामिन वाढलं, पेरॉक्साइड वाढलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर लेव्होडोपा ओतली तर त्या खरोखर मरतात. मात्र त्या प्रयोगांत बहुधा १०० मायक्रोमोलर किंवा त्याहून जास्त मात्रा वापरलेली असते. रुग्णाच्या रक्तात गोळीनंतरची सर्वोच्च पातळी साधारण दहा-पंधराच्या घरात असते. शिवाय बशीतल्या द्रवात क जीवनसत्त्व नसतं, पेरॉक्साइड पचवणाऱ्या ग्लायल पेशी नसतात किंवा थोड्या असतात. बरीचशी लेव्होडोपा पेशीत शिरण्याआधी द्रवातच ऑक्सिडीकृत होते. त्यामुळे पेशी मेल्या त्या औषधाच्या चयापचयाने की बाहेरच्या द्रवात झालेल्या विषाने, हे अशा प्रयोगातून कळत नाही.

ओपीडी_सात

छान मांडणी. आता माणसांवरचा पुरावा.

एल्डोपा चाचणी, २००४. नवं निदान झालेले ३६१ रुग्ण. कुणाला प्लासिबो (औषध नसलेली गोळी), बाकीच्यांना रोज १५०, ३०० किंवा ६०० मिग्रॅ लेव्होडोपा, ४० आठवडे. मग दोन आठवडे सगळ्यांचं औषध बंद. गोळी विषारी असती तर औषध बंद झाल्यावर हे रुग्ण प्लासिबोवाल्यांपेक्षा वाईट दिसायला हवे होते. झालं उलटं, ते बरे होते. पण मेंदूच्या स्कॅनमध्ये डोपामिन वाहकाची (सोडलेलं डोपामिन पेशीत परत ओढणाऱ्या प्रथिनाची) खूण लेव्होडोपा गटात जास्त घटलेली दिसली, आणि भीतीला पुन्हा खतपाणी मिळालं. त्या घटीचं एक सरळ स्पष्टीकरण असं की औषधामुळे पेशी वाहकांची संख्या कमी करते. वाहक घटले म्हणजे पेशी मेल्या असं नव्हे.

नेदरलँड्समधली लीप चाचणी, २०१९. ४४५ रुग्ण. एका गटाला पहिल्या दिवसापासून १०० मिग्रॅ लेव्होडोपा अधिक २५ मिग्रॅ कार्बिडोपा (लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूबाहेरच होऊ न देणारं जोडऔषध) दिवसातून तीनदा, दुसऱ्याला ४० आठवडे प्लासिबो आणि मग तीच गोळी. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखे. आधी सुरू केल्याने आजार मंदावला नाही आणि बळावलाही नाही.

'पाच वर्षांत संपते' याला उत्तर घानाने दिलं. तिथे औषध उशिरा मिळतं. २०१४ च्या अभ्यासात घानातल्या रुग्णांनी आजाराच्या सरासरी ४.२ वर्षांनी लेव्होडोपा सुरू केली होती, इटलीतल्यांनी २.४ वर्षांनी. गोळीच्या असरातले चढउतार आणि अनैच्छिक हालचाली दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्याला आल्या. गोळी किती वर्षं घेतली याने नव्हे, आजार किती जुना आणि रोजची मात्रा किती याने फरक पडला.

शंकेखोर

मग पाच-सहा वर्षांनी गोळी 'लवकर उतरते' ती का? औषध तेच, मात्रा तीच.

ओपीडी_सात

@शंकेखोर, कार्बिडोपासोबत घेतलेल्या लेव्होडोपाचं रक्तातलं अर्धआयुष्य जेमतेम तास-दीड तास. सुरुवातीला तरीही दिवसातून तीन गोळ्या पुरतात, कारण उरलेल्या पेशी डोपामिन पुटिकांत साठवून हळूहळू सोडतात. म्हणजे घरात पाण्याची टाकी आहे. नळ सकाळ-संध्याकाळ आला तरी चालतं. पेशी घटत गेल्या की टाकी लहान होते आणि मग नळ असेल तेव्हाच पाणी.

त्यात भर म्हणजे सेरोटोनिनच्या पेशी. लेव्होडोपाचं डोपामिन करणारं विकर त्यांच्याकडेही असतं, डोपामिन वाहक मात्र नसतो, म्हणून सोडलेलं परत ओढून घेता येत नाही. कधी पूर, कधी दुष्काळ. या हेलकाव्यांतूनच पुढे अनैच्छिक हालचाली येतात. म्हणून उपाय पुरवठ्याच्या बाजूने शोधतात: मात्रा लहान आणि वेळा जास्त, किंवा प्रत्येक गोळीसोबत २०० मिग्रॅ एन्टाकॅपोन (लेव्होडोपा मोडणारं कॉम्ट विकर अडवणारं औषध), किंवा एमएओ-बी (एमएओचा एक प्रकार) रोधक, म्हणजे रासाजिलिन किंवा सेलेजिलिन. हालचाली फार असतील तर अमँटाडिन. त्याने पायांवर जांभळी जाळी उमटते आणि वयस्कांत भास होऊ शकतात, हे आधी सांगून ठेवावं.

शंकेखोर

एमएओ पेरॉक्साइड तयार करतं ना? मग रासाजिलिनने ते अडवलं की पेशी वाचायला हव्यात. आणि सरळ ई जीवनसत्त्व, को-क्यू-टेन, ग्लुटाथायोनच्या सलाइनी देऊन गंज का थांबवत नाहीत?

रसायनवेडी

हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं. प्रत्येक कल्पना कागदावर बिनचूक होती.

पाया तसा भक्कम होता. कॅलिफोर्नियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बनावट हेरॉइन टोचून घेतलेल्या तरुणांना रातोरात पार्किन्सन्ससारखी अवस्था आली. दोषी निघालं एमपीटीपी. मेंदूत एमएओ-बी त्याचं एमपीपी+ हे विष करतं, डोपामिन वाहक ते पेशीत ओढतो आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं पहिलं संकुल बंद पडतं. सेलेजिलिनने एमएओ-बी अडवलं की प्राणी वाचतात! त्यामुळे डेटाटॉप चाचणी झाली: ८०० रुग्ण, सेलेजिलिन १० मिग्रॅ आणि ई जीवनसत्त्व २००० युनिट. ई जीवनसत्त्वाचा परिणाम शून्य. सेलेजिलिनवाल्यांना लेव्होडोपा उशिरा लागली, पण ते लक्षणं कमी झाल्यामुळे की पेशी वाचल्यामुळे, हे वेगळं काढता आलं नाही. रासाजिलिनची अडाजियो चाचणी २००९ ची. १ मिग्रॅने आजार मंदावल्याचे निकष पार केले, २ मिग्रॅने केले नाहीत. जास्त मात्रेने कमी रक्षण, हे कुणालाच नीट उलगडलेलं नाही, म्हणून ते 'पेशीरक्षक' म्हणून लिहून देऊ नये.

को-क्यू-टेन रोज १२०० आणि २४०० मिग्रॅ, ६०० रुग्ण: व्यर्थ म्हणून मध्येच थांबवली. युरिक आम्ल हा रक्तातला मोठा अँटिऑक्सिडंट, म्हणून इनोसिन देऊन ते वाढवलं. आजार तसाच राहिला, मूतखडे मात्र वाढले. ग्लुटाथायोनचं सलाइन शिरेतून दिलं तरी ते मेंदूच्या पेशीत त्याच रूपात पोचतं असं मानायला आधार नाही. महिन्याला हजारो रुपये या बाटल्यांवर घालवणं मला तरी पटत नाही.

आणि सर्वात बोलका निकाल डेफेरिप्रोन या लोह काढणाऱ्या औषधाचा, २०२२. लोह साठतं ना? मग लोह काढून टाका. ३७२ नवे रुग्ण, लेव्होडोपा सुरू न केलेले, किलोमागे १५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, ३६ आठवडे. नायग्रातलं लोह खरंच कमी झालं. आणि रुग्ण बिघडले: २२ टक्क्यांना मध्येच डोपामिनची औषधं सुरू करावी लागली, प्लासिबो गटात २.७ टक्क्यांना. संभाव्य कारण साधं आहे. टायरोसिनपासून लेव्होडोपा बनवणाऱ्या विकराच्या, टायरोसिन हायड्रॉक्सिलेजच्या, गाभ्यातच लोह असतं. गंज काढायला गेले आणि यंत्राचा खिळाच उपटला.

ओपीडी_सात

+१. पुरवणी: रासाजिलिन लक्षणांसाठी चांगलं औषध आहे, दिवसातून एकदा, सोपं. सेलेजिलिन सकाळी आणि दुपारी. संध्याकाळी घेतली तर झोप उडते, कारण तिच्या विघटनातून मेथॅम्फेटामिनचा सौम्य भाऊ तयार होतो. दोन्हींसोबत ट्रॅमाडॉल, पेथिडिन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध नको. शेवटचं घरात कुणाच्याही कपाटात सापडतं.

काउंटरपलीकडे

गोळीच्या पट्टीवरच्या आकड्यांबद्दल लिहितो, कारण तिथे फार गोंधळ होतो.

सिंडोपा (लेव्होडोपा-कार्बिडोपा गोळीचं एक ब्रँड नाव) ११० म्हणजे १०० लेव्होडोपा अधिक १० कार्बिडोपा. 'प्लस' म्हणजे १०० अधिक २५. २७५ म्हणजे २५० अधिक २५. सीआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, २०० अधिक ५०. आकडा बेरजेचा आहे, त्यामुळे ११० आणि प्लस यांत लेव्होडोपा सारखीच, फरक कार्बिडोपाचा. हा फरक क्षुल्लक नाही. लेव्होडोपाचं डोपामिन करणाऱ्या शरीरभरच्या विकराला पुरतं अडवायला दिवसाला ७० ते १०० मिग्रॅ कार्बिडोपा लागतं. ११० च्या तीन गोळ्यांत मिळतं ३०. मग लेव्होडोपाचं डोपामिन रक्तातच होतं, मळमळ, उलटी, उठल्यावर चक्कर येते आणि "ही गोळी सोसत नाही" असा शिक्का बसतो. प्लसच्या तीन गोळ्यांत ७५. अनेकदा डॉक्टरांशी बोलून एवढा बदल केला की मळमळ जाते. तरी राहिली तर डॉमपेरिडोन १० मिग्रॅ, हृदयाचा आलेख नीट असेल तर.

उलटीवर मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन चालणार नाही. दोन्ही मेंदूत शिरून डोपामिनची ग्राहकंच (त्याचा संदेश घेणारी प्रथिनं) बंद करतात. गॅस-आम्लपित्ताच्या पँटोप्रॅझोल किंवा राबेप्रॅझोल असलेल्या काही जोडगोळ्यांत लेव्होसल्पिराइड लपलेलं असतं, तेही तसंच. चक्करवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिनचंही तेच. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचायचीच.

सीआर चुरायची नाही, चावायची नाही. साध्या गोळीच्या तुलनेत ती सुमारे ३० टक्के कमी शोषली जाते, म्हणून 'तेवढीच मात्रा' समजून बदलली तर मात्रा घटते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आठवड्याच्या डबीत गोळ्या सुट्या करून ठेवू नका. ओलाव्याने लेव्होडोपा काळवंडते. रसायनवेडीताईंचं केळं इथेही आलं! पट्टी कापून गोळीसकट कप्प्यात ठेवा.

शंकेखोर

घाम, लाळ, लघवी काळपट दिसते ते हेच का?

काउंटरपलीकडे

हेच. हवेशी संबंध आल्यावर रंग बदलतो, बनियनवर डागही पडतात. निरुपद्रवी आहे. एन्टाकॅपोनने लघवी नारिंगी होते, तीही तशीच.

चढउतार फार असतील तेव्हा काही तज्ज्ञ पातळ द्रावण सुचवतात. १०० अधिक २५ च्या साध्या दहा गोळ्या, एक लिटर पाणी, २ ग्रॅम क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड. म्हणजे एका मिलिलिटरला एक मिग्रॅ लेव्होडोपा. क जीवनसत्त्व चवीसाठी नाही, तेच लिंबू. गोळीतला काही भाग तळाशी राहतो, दर वेळी हलवून घ्यायचं. झाकून, फ्रिजमध्ये, रोज नवं. सीआर यात चालत नाही. किती मिली, किती वेळाने, हे ठरवणं डॉक्टरांचंच काम.

गावठी_वैदू

खाजकुइलीबद्दल कुणीच बोललं नाही? तिच्यात नैसर्गिक लेव्होडोपा आहे आणि सोबत अँटिऑक्सिडंटही.

रसायनवेडी

लेव्होडोपा आहे, नक्कीच. कवचबीजातून (खाजकुइलीच्या बियांतून) ती वेगळी केल्याची नोंद भारतातूनच १९३७ ची आहे. बियांत साधारण ४ ते ६ टक्के. पण रेणू तोच आहे. झाडातून आला म्हणून त्याच्यापासून वेगळं पेरॉक्साइड तयार होत नाही, की कमी होत नाही.

हिशेब करा. ५ ग्रॅम चूर्ण, ५ टक्के धरलं तर २५० मिग्रॅ लेव्होडोपा. सोबत कार्बिडोपा नाही. कार्बिडोपा नसेल तर त्याच परिणामाला चार-पाच पट मात्रा लागते, म्हणजे ही झाली गोळीतल्या पन्नास-साठ मिग्रॅच्या बरोबरीची. १९९५ च्या भारतीय चाचणीत ६० रुग्ण होते, साडेसात ग्रॅमची पाकिटं, दिवसाला सरासरी सहा, म्हणजे ४५ ग्रॅम! फायदा दिसला, कारण मात्रा तेवढी होती. चमचाभर चूर्णाकडून ती अपेक्षा ठेवू नये. खरा धोका म्हणजे गोळी चालू असताना गुपचूप चूर्णही चालू. गोळीतलं कार्बिडोपा चूर्णातल्या लेव्होडोपालाही वाचवतं, मग अचानक हातपाय वेडेवाकडे हलू लागतात आणि डॉक्टर गोळी कमी करतात. चूर्णाचा डबा दवाखान्यात दाखवा.

तशी आपल्या वनस्पतींतून उलटं उदाहरणही आहे, सर्पगंधा. तिच्यातलं रेसरपिन व्हीमॅट पंप बंद करतं, डोपामिन पुटिकांत शिरतच नाही. अर्व्हिड कार्लसन यांनी रेसरपिनने निपचित केलेले प्राणी लेव्होडोपा देऊन पुन्हा हलते केले, १९५७ मध्ये. पुढे २००० साली नोबेल मिळालं त्याचा पाया तिथे होता.

ताटवाटी

आहाराचं. लेव्होडोपा हे अमिनो आम्ल आहे. आतड्यातून आणि नंतर मेंदूच्या दारातून ती ज्या वाहकावरून जाते, त्यावरूनच प्रथिनातली ल्युसिन, फेनिलअ‍ॅलनिन वगैरे मंडळी जातात. गर्दी झाली की गोळी मागे राहते. म्हणून जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तास, पूर्ण पेलाभर पाण्यासोबत. दुधासोबत नको. रिकाम्यापोटी मळमळत असेल तर दोन साधी बिस्किटं किंवा मूठभर कुरमुरे, शेंगदाणे नकोत. उपासाच्या खिचडीत साबुदाण्याचा त्रास नाही, पण दाण्याचं कूट २५ ग्रॅम पडलं की सहा ग्रॅम प्रथिन आलंच.

ज्यांना दुपारी 'गोळी लागलीच नाही' असा अनुभव येतो, फक्त त्यांनी प्रथिनं रात्रीकडे सरकवावीत. दिवसा भात, भाकरी, भाज्या, फळं. रात्री उसळ, पिठलं, अंडी, मासे, पनीर. एकूण प्रथिन कमी करायचं नाही. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम लागतंच. वजन उतरू लागलं तर हा प्रकार थांबवा. रात्री कुशीवर वळणं अवघड झालं तर तो या बदलाचा परिणाम असू शकतो. लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर, कारण लोह आणि लेव्होडोपा पोटातच एकमेकांना पकडून बसतात. बद्धकोष्ठ सांभाळा. जठर रेंगाळलं की गोळी तिथेच पडून राहते, ती शोषली जाते पुढच्या लहान आतड्यात.

ओपीडी_सात

आहारावरून आठवलं, ब-१२. गंजाच्या चर्चेत जे खरंच मोजता येतं आणि दुरुस्त करता येतं, ते इथे आहे.

कॉम्ट हे विकर लेव्होडोपावर मिथाइल गट चिकटवतं. तो गट जिथून येतो त्या एसएएम रेणूचं शेवटी होमोसिस्टीन होतं. लेव्होडोपाची मात्रा जास्त तर होमोसिस्टीन जास्त. ते परत फिरवायला ब-१२ आणि फोलेट लागतं. आपल्याकडे शाकाहारी, मेटफॉर्मिनवर असलेले, वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या खाणारे, सगळ्यांचं ब-१२ आधीच तळाला. मग पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, आणि ते सगळं 'आजार वाढला' या खात्यावर जमा होतं. वर्षातून एकदा ब-१२ बघा. २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता, २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीन तपासून ठरवा.

ब-६ चा जुना नियम, 'लेव्होडोपासोबत ब-६ नको', कार्बिडोपा येण्यापूर्वीचा. आता साध्या मल्टिव्हिटॅमिनची भीती नाही. उलट कार्बिडोपा स्वतः ब-६ ला बांधून टाकतं, त्यामुळे फार मोठ्या मात्रेवर असलेल्यांत त्याचीही कमतरता होते. पण १०० मिग्रॅ ब-६ असलेल्या 'नसांच्या' गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या तर त्यानेच नसा बिघडतात.

शंकेखोर

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी औषधं? त्यांच्यापासून डोपामिनच बनत नाही, म्हणजे पेरॉक्साइडही नाही. तरुण रुग्णांना तेच आधी देतात ना?

ओपीडी_सात

पेरॉक्साइड नाही हे खरं, पण त्यामुळे पेशी वाचतात असं सिद्ध झालेलं नाही. तरुणांत ती देण्याचं कारण अनैच्छिक हालचाली उशिरा येतात हे. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ही औषधं डी-३ ग्राहकांवर जोर देतात आणि ती ग्राहकं मेंदूच्या 'हवंहवंसं' वाटण्याच्या मंडलात दाट असतात. ३०९० रुग्णांच्या २०१० च्या पाहणीत आवेग आवरता न येण्याचं प्रमाण ही औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्के, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. जुगार, ऑनलाइन खरेदी, रात्री उठून खाणं, कामवासना. रुग्ण स्वतः सांगत नाही. घरच्यांनी बँकेचं स्टेटमेंट बघावं. शिवाय घोट्याला सूज आणि गाडी चालवताना अचानक डुलकी. बंद करायची तर हळूहळू, नाहीतर प्रचंड घालमेल होते.

काउंटरपलीकडे

'बंद' वरून एक. लेव्होडोपा एकदम थांबली तर अंग लाकडासारखं ताठ, तीव्र ताप, शुद्ध हरपणं असा जिवावरचा प्रकार होऊ शकतो. हे सर्वात जास्त घडू शकतं ते दुसऱ्याच कारणासाठी दाखल झाल्यावर, 'तोंडाने काही नको' या पाटीमुळे. मोतीबिंदू असो की हाडाची शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा: सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत चालेल का. नाकातून नळी असेल तर साधी गोळी पाण्यात विरघळवून जाते, सीआर जात नाही. आणि 'दिवसातून चार वेळा' असं लिहून घेऊ नका. वॉर्डात त्याचा अर्थ त्यांच्या फेरीच्या वेळा. कागदावर घड्याळाची वेळ हवी: ६, १०, २, ६.

ताटवाटी

आणि त्या फेऱ्यांसोबत दुधाचा पेलाही येतो. तो अर्ध्या तासाने द्या म्हणून सिस्टरांना सांगून ठेवायचं.